गुलाबी बोंडअळी आणि तापमान: नागपूर भागातल्या कापूस उत्पादकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर, हिंगणा या पट्ट्यात दर हंगामात तेच प्रश्न ऐकू येतात. "एवढं ऊन तापलं, तरी अळी मेली कशी नाही?" "थंडी पडली, आता तरी संपेल ना?" "शेजाऱ्याच्या वावरात नाही, माझ्याच वावरात का?" आमच्या घरची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कळमेश्वर तालुक्यात आहे. मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या कामगंध सापळ्यातले पतंग मोजून त्यांची नोंद ठेवण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. त्या नोंदींवरून, वाचलेल्यावरून आणि स्वतःच्या वावरात सोसलेल्यावरून ही उत्तरं लिहिली आहेत. सगळी चर्चा गुलाबी बोंडअळीभोवती, म्हणजे कपाशीच्या बोंडात शिरून सरकी खाणाऱ्या अळीभोवती आहे. ही अळी आपल्याला कॅलेंडर बघून छळत नाही, ती उष्णता मोजत चालते. हे ध्यानात आलं की पुढचे बरेच प्रश्न सोपे होतात.

अळीला तापमानाचा एवढा फरक का पडतो? आपल्याला तर पडत नाही.

आपलं शरीर बाहेर ५ अंश असो की ४५, आतलं तापमान ३७ च्या आसपास राखतं. किडीला ते जमत नाही. भोवतालची हवा, पान किंवा बोंड जेवढं गरम, जवळपास तेवढंच तिचं अंग गरम. पचन, वाढ, कात टाकणं, अंडी पिकणं ही सगळी कामं त्यामुळे बाहेरच्या उष्णतेच्या वेगाने चालतात. गारठ्यात ती मंदावतात, उबेत वेग घेतात आणि फार तापलं की बिघडतात.

गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत साधारण १३ अंशांच्या खाली वाढ जवळपास थांबते. तिथून वर २७ ते ३२ अंशांपर्यंत वेग वाढत जातो. ३४-३५ च्या पुढे गेलं की वाढ आणखी जलद होत नाही. उलट पतंगांची अंडी कमी होतात आणि घातलेल्यातली बरीच उबत नाहीत.

एक पिढी पूर्ण व्हायला किती दिवस लागतात?

ऑगस्ट-सप्टेंबरच्या हवेत अंडं ४-५ दिवसांत फुटतं. अळी १० ते १४ दिवस खाते आणि या काळात चार अवस्थांतून जाते. पहिल्या दोन अवस्थांत ती पांढुरकी असते, डोकं तपकिरी-काळं. गुलाबी रंग शेवटी शेवटी चढतो, म्हणून लहान अळी पाहून "ही दुसरीच आहे" असं समजून लोक सोडून देतात. मग ७ ते १० दिवस कोष. पतंग बाहेर आल्यावर दोन-तीन दिवसांत मादी अंडी घालू लागते. एक मादी शंभर ते दोनशे अंडी सहज घालते. सगळं मिळून महिनाभराचा फेरा.

आता हा महिना सगळीकडे सारखा का नसतो, ते घरी वहीत करता येईल अशा हिशेबाने सांगतो. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान मिळवायचं, दोनाने भागायचं, त्यातून १३ वजा करायचे. जे उरेल ती त्या दिवसाची अळीच्या उपयोगाची उष्णता. तिला अंश-दिवस म्हणू. समजा सरासरी २७ अंश आहे, तर दिवसाला १४ अंश-दिवस जमा झाले. ३२ दिवसांत ते होतात सुमारे ४५०. म्हणजे एका पिढीला ढोबळमानाने ४५० अंश-दिवसांची शिदोरी लागते.

नागपूरच्या नेहमीच्या हवामानाला हा हिशेब लावून बघा. ऑगस्टमध्ये कमाल ३१, किमान २४ धरलं तर सरासरी साडेसत्तावीस, दिवसाला साडेचौदा, पिढी ३१ दिवसांत. ऑक्टोबरमध्ये ३३ आणि २०, सरासरी साडेसव्वीस, पिढी ३३ दिवसांत. नोव्हेंबरमध्ये ३० आणि १६ घेतलं तर सरासरी २३, दिवसाला फक्त १०, पिढीला ४५ दिवस. डिसेंबरमध्ये साडेअठ्ठावीस आणि साडेबारा, म्हणजे सरासरी साडेवीस, दिवसाला साडेसात, आणि पिढीला पुरे ६० दिवस. कीड तीच, वावर तेच, वेग मात्र निम्म्यावर.

हा हिशेब ढोबळ आहे. बोंडाच्या आतली हवा वेधशाळेच्या हवेपेक्षा वेगळी असते आणि बोंडात भरपूर खायला मिळालेली अळी लवकर वाढते. पण "पुढचे पतंग कोणत्या आठवड्यात येतील" याचा अंदाज घ्यायला तो पुरेसा उपयोगी पडतो.

मग नागपूर भागात एका हंगामात किती पिढ्या होतात?

मृगात पेरलेल्या कपाशीला चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पात्या (फुलकळ्या) लागतात, म्हणजे जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीला. पहिली पिढी पात्या-फुलांवर जगते. डोमकळी दिसते ती याच वेळी: पाकळ्या आतून अळीच्या धाग्याने जखडलेल्या, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं फूल. दुसरी पिढी सप्टेंबरच्या हिरव्या बोंडांत, तिसरी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पीक डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभं ठेवलं तर चौथीही उरकते.

पहिल्या पिढीत दहा माद्या असल्या तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. तिसऱ्या पिढीत त्यांच्याच नातींनी वावर भरलेलं असतं. पिढ्या एकमेकींत मिसळूनही जातात, त्यामुळे एकाच झाडावर अंडं, अळी आणि कोष एकदम सापडतात. नुकसान नोव्हेंबरात दिसतं, पण त्याची सुरुवात ऑगस्टच्या डोमकळीत झालेली असते. ज्यांनी डोमकळ्या तोडून अळीसकट नष्ट केल्या, त्यांनी पुढच्या दोन पिढ्यांची आईच उचलली.

नागपूरच्या ४५-४६ अंशांत अळी मरत कशी नाही?

२३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले. त्या उन्हात उघड्यावर ठेवलेली अळी जगली नसती. पण अळी उघड्यावर नसते. ती जोड सरकीत असते: दोन सरक्या धाग्याने जोडून मधल्या पोकळीत वेटोळं घालून पडलेली. ही जोड सरकी पऱ्हाटीच्या गंजीत, जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या गिरणीच्या) ढिगात, घरात साठवलेल्या कापसात किंवा मातीच्या थरात असते. गंजीच्या आत सावली असते, ढिगाच्या आत ऊन पोहोचत नाही.

दुसरं कारण तिच्या अंगातलं आहे. उन्हाळ्यात ती वाढणारी अळी राहिलेली नसते. ती सुप्तावस्थेत असते. श्वास अगदी मंद, खाणं बंद, अंगात चरबी साठवलेली. चालत्या गाडीचं इंजिन तापतं, बंद उभ्या गाडीचं तितकं तापत नाही, तसं काहीसं.

मग उन्हाळी नांगरटीचा उपयोग तरी काय?

उपयोग आहे, आणि तो तापमानाचाच आहे. हवेत ४५ अंश असताना उघड्या काळ्या मातीचा पृष्ठभाग दुपारी ६० अंशांच्या पुढे जातो. तीच माती वीतभर खाली बरीच थंड असते. नांगराने खालचं ढेकूळ वर आलं की आतले कोष आणि अळ्या त्या तव्यावर येतात. उन्हाने होरपळतात, बगळे-साळुंक्या टिपतात. म्हणून ही नांगरट मार्च-एप्रिलमध्येच उरकून माती मेअखेरच्या नवतपाभर, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, उघडी राहू द्यावी. पहिल्या पावसानंतर केलेल्या नांगरटीत ही धग उरलेली नसते.

मात्र धुऱ्यावर (बांधावर) पऱ्हाटीची गंजी तशीच ठेवून वावर नांगरलं, तर अर्धंच काम झालं.

सुप्तावस्था म्हणजे नेमकं काय? अळीला झोप कधी लागते?

पोळा गेला, दसरा-दिवाळी आली, दिवस लहान व्हायला लागतात. नागपुरात जूनमध्ये दिवस साडेतेरा तासांच्या जवळ असतो, डिसेंबरात तो अकरा तासांच्या आत येतो. सोबत रात्री गार होतात आणि बोंडं पिकून सरकीत तेल भरतं. लहान दिवस, गार रात्र आणि तेलकट खाणं, या तीन खुणा एकत्र आल्या की पूर्ण वाढलेली अळी कोषात जायचं टाळते. ती सरकीतच थांबते. ऑक्टोबरपासून अशा अळ्या दिसू लागतात, नोव्हेंबर-डिसेंबरात त्यांचं प्रमाण वाढतं.

ही झोप काही महिन्यांची असते. परिस्थिती जुळली नाही तर काही अळ्या वर्षाच्या पुढेही तशाच राहतात. जाग येते ती उष्णता आणि ओलावा दोन्ही मिळाल्यावर. मे-जूनमध्ये वळवाची सर पडली, हवेत दमटपणा आला की अळी कोषात जाते आणि थोड्याच दिवसांत पतंग बाहेर पडतात. जिनिंगच्या आसपास लावलेल्या सापळ्यांत या दिवसांत पतंग सापडतात ते म्हणूनच.

मे महिन्यात ओलितावर कापूस लावला तर काय बिघडतं? पाणी माझ्याकडे आहे.

या प्रश्नावर मी गावात सगळ्यात जास्त बोललो असेन.

पहिल्या सरीनंतर जे पतंग बाहेर येतात ते काही दिवसांचेच पाहुणे असतात. उन्हाच्या दिवसांत पतंगाचं आयुष्य आठ-दहा दिवस, फार तर दोन आठवडे. त्या मुदतीत मादीला अंडी घालायला पात्या किंवा फुलं मिळाली नाहीत, तर तिची पुढची पिढी उभीच राहत नाही. शास्त्रज्ञ याला आत्मघाती उदय म्हणतात. निसर्गाने हा एक धागा आपल्या हातात दिला आहे: आपली कपाशी पात्यांवर येण्याआधीच उष्णतेने तिला जागं केलं आहे आणि बाहेर तिच्यासाठी ताट वाढलेलं नाही.

मेमध्ये लावलेल्या कपाशीला जूनअखेर, जुलैच्या सुरुवातीला पात्या लागतात. म्हणजे आपणच ताट वाढून ठेवतो. त्या एका वावरात पतंगांची पहिली पिढी तयार होते आणि ऑगस्टमध्ये ती आजूबाजूच्या सगळ्या मृगाच्या कपाशीवर पसरते. ज्याने मेमध्ये लावलं त्याचं कदाचित थोडंच नुकसान होतं, कारण त्याची बोंडं लवकर फुटतात. भोगतात ते शेजारी. म्हणून कृषी विभाग जूनआधी कापूस लावू नका असं वारंवार सांगतो. पाणी आहे म्हणून लावलं, हा एकट्याचा निर्णय राहत नाही. पतंगाला धुरा कळत नाही.

फरदड (हंगाम संपल्यावरही पाणी देऊन उभं ठेवलेलं पीक) घेतली तर दोन पैसे जास्त मिळतात. तीही सोडायची?

२०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडअळीने जो कहर केला तो ज्याने पाहिला त्याला विसरता येणार नाही. बोंडं वरून हिरवी, निरोगी. फोडली की आत काळी पडलेली कवडी, म्हणजे न फुललेल्या कापसाची घट्ट फाक. सीतादहीची, म्हणजे पहिल्या वेचणीआधीची, पूजा करून वेचणीला सुरुवात केली आणि दुसऱ्या वेचणीलाच बायका म्हणाल्या, "भाऊ, ह्या बोंडात कापूसच नाही." त्याच्या आदल्या वर्षी आम्ही फरदड घेतली होती. जानेवारीत पाणी दिलं, मार्चपर्यंत वेचलं. दोन क्विंटल वाढीव आले होते. तेव्हा त्याचा आनंद झाला होता. पुढच्या वर्षीच्या काळ्या कवड्यांशी त्याचा संबंध आहे हे मला फार उशिरा कळलं.

वरचा हिशेब पुन्हा आठवा. डिसेंबर-जानेवारीत पिढीला ६० दिवस लागतात, पण फेब्रुवारी उजाडला की तापमान चढतं आणि मार्चमध्ये वेग पुन्हा ऑगस्टसारखा होतो. फरदडीला पाणी देऊन आपण हिरवी बोंडं टिकवतो आणि अळीला मंद काळ ओलांडून थेट वेगवान काळात पोहोचवतो. डिसेंबरअखेर उलंगवाडी (शेवटची वेचणी) करून पऱ्हाटी उपटली, तर तिला खायला काही उरत नाही. जी झोपली तीच राहते आणि तिचा बंदोबस्त नांगरट, गंजी आणि जिनिंगच्या सापळ्यांवर सोपवता येतो.

कमी दिवसांत, साधारण १५०-१६० दिवसांत येणारा वाण घेतला की डिसेंबरात उलंगवाडी करताना जीव तुटत नाही. लांब मुदतीच्या वाणावर डिसेंबरातही हिरवी बोंडं लोंबत असतात, मग उपटायला कोणाचं मन होणार?

डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात अळी मरत नाही का?

नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, तरी दुपारी ऊन होतंच. आपल्याकडे अशी रात्र एखादीच येते आणि बोंडातल्या किंवा सरकीतल्या अळीला ती मारत नाही, फक्त थांबवते. दिवसेंदिवस गोठणारी ओली थंडी जिथे असते तिथे ही अळी हिवाळ्यात तग धरू शकत नाही. नागपूर त्या जागांपैकी नाही.

ढगाळ वातावरण आलं की अळी येते, असं जुने लोक म्हणतात. खरं आहे?

ढगातून अळी पडत नाही, पण जुन्या लोकांचं निरीक्षण खोटं नाही. ढग असले की रात्रीची उष्णता जमिनीतून निसटत नाही. नोव्हेंबरात निरभ्र आकाशात किमान तापमान १४ ला येत असेल, तर ढगाळ रात्री ते १९-२० वरच राहतं. कमाल थोडं उतरतं, पण किमान त्याहून जास्त चढतं. सरासरी वाढली, अंश-दिवस भराभर जमले, पिढी लवकर पूर्ण झाली. दमट हवेत अंडीही सुकत नाहीत. शिवाय ढगाळ दिवसांत फवारणी लांबते, सापळे बघायला कोणी जात नाही. म्हणून दिवाळीच्या सुमारास चार-पाच ढगाळ दिवस आले की मी वहीत खूण करतो आणि हिरवी बोंडं फोडून बघणं वाढवतो.

बीटी बियाणं असून अळी येते, त्याचा तापमानाशी संबंध आहे का?

मुख्य कारण तापमान नाही, अळीची प्रतिकारशक्ती आहे. बीटी म्हणजे अळीला मारणारं प्रथिन झाडातच तयार करणारं जनुक घातलेलं बियाणं. एका जनुकाचं बीटी कापूस भारतात २००२ मध्ये आलं, दोन जनुकांचं २००६ मध्ये. गुलाबी बोंडअळी मुख्यतः कपाशीवरच जगते, तिला चवबदल नाही. पिढ्यान् पिढ्या तेच विष खाऊन जी वाचली तिचीच संतती वाढली. आधी गुजरातेत पहिल्या जनुकाला दाद न देणारी अळी आढळली, नंतर दुसऱ्यालाही. आज आपल्या भागात बीटीच्या भरवशावर या अळीविरुद्ध राहता येत नाही. अमेरिकन बोंडअळीवर मात्र बीटीचा चांगला परिणाम अजून दिसतो.

तापमानाचा भाग दुय्यम, पण आहे. झाड म्हातारं होत जातं तसं त्यातलं विषारी प्रथिन कमी होतं, आणि कडक उष्णतेच्या ताणानेही ते घटतं. शिवाय संकरित वाणाच्या बोंडात सगळ्या सरक्या सारख्या नसतात, काही बिनविषाच्याच असतात. म्हणून लांब मुदतीच्या संकरित वाणात शेवटच्या महिन्यांत कमी विषाचा घास अळीला मिळत राहतो. प्रतिकार घडवायला याहून सोयीची शाळा नाही. पूर्वी बियाण्यासोबत रेफ्युजीचं, म्हणजे बिगर-बीटी कपाशीच्या बियाण्याचं, वेगळं पाकीट येई; ते लोक धुऱ्यावर फेकून देत, त्याचं मला फार वाईट वाटतं.

सापळ्यात पतंग कमी झाले, म्हणजे अळी कमी झाली का?

आधी तापमान बघा, मग निष्कर्ष काढा. कामगंध सापळ्यात मादीच्या गंधाची नक्कल असते आणि नर त्याकडे उडत येतो. हा गंध रसायनशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये ओळखला. पतंग मध्यरात्रीनंतर जास्त फिरतात. रात्र गार झाली की त्यांचं उडणंच कमी होतं. डिसेंबरात सापळा रिकामा दिसतो आणि शेजारच्या बोंडात अळी असते, असं मी स्वतः कितीदा पाहिलं आहे.

उलट एप्रिल-मेच्या उन्हात गंधाची गोळी लवकर उडून जाते. महिनाभर चालेल म्हणून लावलेली गोळी त्याआधीच फिकी पडते. जिनिंगजवळच्या सापळ्यांत ती लवकर बदलावी.

पातळी लक्षात ठेवा: सलग तीन रात्री दर सापळ्यात आठ पतंग, किंवा शंभर फुलांत दहा डोमकळ्या, किंवा एकरातून तोडलेल्या वीस हिरव्या बोंडांत दोन किडकी. यातलं काहीही दिसलं तर उपाय सुरू करायचा. बोंडं फोडून बघणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. त्यावर तापमानाचा पडदा पडत नाही.

फवारणी कोणत्या वेळी करावी?

सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर. याची दोन कारणं आहेत आणि पहिलं माणसाचं आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पुरुषभर उंच वाढलेली पऱ्हाटी, ऑक्टोबरचं ऊन, घामाने भिजलेला सदरा. घामाने भिजलेल्या कातडीतून औषध जास्त आत शिरतं, गरम हवेत औषधाची वाफ जास्त उठते, आणि उकाड्यामुळे तोंडावरचं फडकंही काढून ठेवलं जातं. एकही बोंड एका माणसाच्या जिवाइतकं मोलाचं नाही. मजुराला हातमोजे, चष्मा, मास्क दिल्याशिवाय पंप पाठीला लावू देऊ नका, आणि दोन औषधं मनाने मिसळू नका.

दुसरं कारण औषधाचं. पायरेथ्रॉइड गटातली औषधं गारव्यात किडीवर जास्त चालतात, कडक उन्हात कमी. ती हंगामाच्या सुरुवातीला वापरली की पांढरी माशी उसळते, म्हणून नोव्हेंबरच्या आधी त्यांच्याकडे वळूच नये. शिवाय अळी अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात बोंडात शिरते आणि मागे छिद्र बुजतं. त्यानंतर वरून काहीही फवारा, आत पोहोचत नाही. म्हणून फवारणीची तारीख "मागच्या वर्षी याच दिवशी केली होती" यावर ठरवू नका. पतंग दिसले की अंडी घातल्यापासून ती फुटेपर्यंतचे ते थोडेसे दिवस गाठा. ते ऑगस्टमध्ये चार-पाच असतात आणि डिसेंबरात दुपटीच्या जवळ जातात.

मित्रकीटकांना ऊन सोसतं का?

ट्रायकोग्रामा ही अंड्यांवर जगणारी बारीक माशी नाजूक असते. ३५ च्या पुढे तिची पैदास घसरते. कार्ड लावायची तर संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूला, आणि पुढचे काही दिवस फवारणी नाही हे ठरवूनच. दुपारी उन्हात टाचलेलं कार्ड म्हणजे वाया गेलेले पैसे.

तापमान वाढत चाललं आहे. पुढे काय होईल?

नागपुरात उन्हाळा कडक होणं हा अळीच्या फार फायद्याचा भाग नाही, कारण उन्हाळ्यात ती झोपलेली असते. मला काळजी हिवाळ्याच्या रात्रींची वाटते. नोव्हेंबर-डिसेंबरचं सरासरी तापमान फक्त दोन अंशांनी चढलं तरी डिसेंबरातला पिढीचा काळ ६० दिवसांवरून ४७ वर येतो. हिशेब तोच: साडेसात ऐवजी साडेनऊ अंश-दिवस. म्हणजे चौथी पिढी जिथे अर्धवट राहायची तिथे पूर्ण होईल. थोड्या अळ्या झोपेत जातील, जास्त अळ्या जाग्या राहून खात बसतील. अशा वेळी उभी फरदड असेल तर तिला थांबवणारं कोणी नसेल.

इतर किडींनाही हेच लागू होतं का?

तत्त्व तेच, आकडे वेगळे. तुडतुडे आणि मावा यांच्या पिढ्या दोन-तीन आठवड्यांत संपतात, पांढऱ्या माशीला कोरडी उष्ण हवा मानवते, पिठ्या ढेकूणही उन्हाळ्यात फोफावतो. प्रत्येक किडीची खालची मर्यादा निराळी असल्याने बोंडअळीचा १३ चा आकडा तिथे वापरू नका.

अमेरिकेत ही अळी संपली म्हणतात. मग आपल्याकडे का नाही?

तिथे ती १९१७ मध्ये टेक्सासात पोहोचली आणि २०१८ मध्ये तिचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. या अळीचं पहिलं शास्त्रीय वर्णन मात्र १८४३ चं, आणि तेही भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे ती आपल्याकडे फार जुनी आहे. तिथे बीटी, वंध्य पतंग सोडणं, गंधाने मीलन रोखणं आणि ठरलेल्या तारखेला सगळ्यांनी पीक मोडणं, हे एकदम झालं. मीलन रोखणारे गंधाचे धागे आता आपल्याकडेही मिळतात. एका एकरात लावले तर शेजारून आलेली माद्यांची रांग ते थांबवू शकत नाहीत, शिवारभर लावले तर फरक पडतो. वर्धा रोडवर पांजरीला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. नागपूरच्या शेतकऱ्याला हे दार शेजारचं आहे, तिथे जाऊन विचारावं.

भाव यावा म्हणून कापूस घरात ठेवला आहे. त्यातून धोका आहे?

हो. घरातल्या ढिगात फेब्रुवारी-मार्चला बाहेरच्यापेक्षा ऊब जास्त असते आणि जोड सरकीतली अळी तिथे सुरक्षित राहते. विकायचाच असेल तर मार्चच्या आत विका. ठेवावाच लागला तर त्या खोलीच्या दाराजवळ एक कामगंध सापळा टांगा. किडका, कवडीचा कापूस चांगल्यात मिसळू नका. तो वेगळा काढून जाळा.

थर्मामीटर, यंत्र यातलं माझ्याकडे काही नाही. हिशेब कसा ठेवू?

नागपूरचं कमाल-किमान रोज पेपरात छापून येतं, मोबाइलवरही दिसतं. एका वहीत पाच रकाने पाडा: तारीख, कमाल, किमान, दोन्हींच्या सरासरीतून १३ वजा करून उरलेलं, आणि आजवरची बेरीज. पहिली डोमकळी दिसली त्या दिवसापासून बेरीज सुरू करा. आकडा ३५० च्या आसपास आला की रोज सकाळी सापळे मोजायला लागा आणि वीस बोंडं फोडायला घ्या. चारशे-साडेचारशेच्या दरम्यान पुढची पिढी बाहेर येते. आमच्या घरी ही वही आता माझी मुलगी लिहिते. गेल्या वर्षी सप्टेंबरात तिने सांगितलं, "बाबा, चारशे होत आले." आम्ही त्या संध्याकाळी वीस बोंडं फोडली. तीन किडकी निघाली.